होशंगाबादच्या सोळा शाळा

गेले दोन शनिवार दांडी झाली. रिलीज होता, त्यामुळे शनिवार-रविवार ऑफिसातच गेले. तुम्ही लोक समजून घ्याल, कारण तुमच्यातले निम्मे त्याच बोटीतले आहेत :)

आजचा विषय मात्र बरेच दिवस डोक्यात आहे. त्याची सुरुवात एका कुलपापासून झाली.

मागच्या वर्षी आम्ही टीममधल्या सात-आठ जणांनी वर्गणी काढून एका जिल्हा परिषदेच्या शाळेला विज्ञानाचं साहित्य दिलं. भिंगं, चुंबकं, परीक्षानळ्या, तराजू, असं बरंच काही. नारळ फुटला, फोटो निघाले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या महिन्यात त्याच रस्त्यानं जाताना सहज शाळेत डोकावलो. खोका कपाटात होता आणि कपाटाला कुलूप. वर लावलेली चिकटपट्टीसुद्धा आमचीच.

खरं सांगतो, डोकं फिरलं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. शिक्षक शांतपणे म्हणाले, "सर, एखादी वस्तू फुटली तर रजिस्टरला काय दाखवू? भरून कोण देणार? आणि परीक्षेत यातलं काय विचारतात, ते तुम्हीच सांगा."

परतताना गाडीत मी मनातल्या मनात त्यांना बरीच उत्तरं दिली. एकही पटलं नाही. मग आठवलं की आमच्या शाळेतही प्रयोगशाळेचं कपाट असंच बंद असायचं, आणि आम्ही उद्देश-साहित्य-कृती-निरीक्षण-अनुमान हे सगळं मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमधून उतरवायचो. निरीक्षण न करता अनुमान काढण्यात आमची पिढी पटाईत झाली, ती अशी.

तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरं (फुटलं तर काय, भरून कोण देणार, परीक्षेचं काय) कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवली होती, हे मला अलीकडे कळलं. ती गोष्ट आज सांगतो.

साल १९७२. मध्य प्रदेशातला होशंगाबाद जिल्हा (आता त्याचं नाव नर्मदापुरम). रसुलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी राज्य सरकारकडे एक परवानगी मागितली. जिल्ह्यातल्या सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान वेगळ्या पद्धतीनं शिकवू द्या. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे कॅलटेकहून पीएचडी करून आलेले, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये संशोधन करणारे. ती नोकरी सोडून ते खेड्यात गेले होते. सरकारनं परवानगी दिली आणि 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' सुरू झाला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी स्वतःची छानशी प्रयोगशील शाळा काढली नाही. तशा शाळा आपल्याकडे आधीही होत्या आणि आजही आहेत. यांनी घेतल्या त्या साध्या सरकारी शाळा, तिथलेच शिक्षक, तिथलीच मुलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेमो मशीनवर चालवून दाखवण्यात त्यांना रस नव्हता. थेट प्रॉडक्शनवर उतरायचं होतं.

पद्धत काय होती? मुलं चार-चारच्या टोळ्यांत बसायची आणि प्रयोग स्वतः करायची. 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तकं तयार झाली. त्यांत व्याख्या नव्हत्या आणि उत्तरंही नव्हती. हे करा, असं मांडा, काय दिसलं ते वहीत लिहा, तुमच्या टोळीचं आणि शेजारच्या टोळीचं उत्तर वेगळं का आलं ते बोला, असा सगळा मामला. संभाव्यतेसारखा विषयसुद्धा मुलं नाणी उडवून, नोंदी करून शिकायची.

समजा, एकच टेबल दहा मुलांनी मोजलं आणि दहा वेगळी मापं आली. आमच्या शाळेत नऊ जणांना ओरडा बसला असता. इथं त्या फरकावरच धडा होता! मापात थोडा फरक येणारच, मग खरं माप कशाला म्हणायचं? इंजिनिअरिंगला येईपर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आता कुलपाकडे येऊ. पहिली गोष्ट, साहित्य. महागडी काचेची उपकरणं टाळून शक्य तिथे गावात मिळणाऱ्या वस्तू वापरायच्या असं ठरलं. फुलाचे भाग सोडवायला सुई कशाला, बाभळीचा काटा आहे की. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, काड्यापेट्या, सायकलची ट्यूब. प्रत्येक शाळेला साहित्याचा संच मिळायचा, आणि फुटलं-संपलं ते भरून द्यायची सोय योजनेतच होती. म्हणजे फुटणं हा गुन्हा नव्हता, तो खर्चाचा भाग होता.

दुसरी गोष्ट, शिक्षक. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन आठवड्यांची शिबिरं व्हायची. त्यात शिक्षक स्वतः मुलांसारखे टोळ्या करून तेच प्रयोग करायचे. शिकवायला दिल्ली विद्यापीठ, टीआयएफआर अशा ठिकाणचे वैज्ञानिक यायचे. शिबिर संपलं की काम संपलं, असं नव्हतं. दर महिन्याला शिक्षकांची बैठक, शाळेत जाऊन पाहणारी माणसं, अडलेल्या धड्यांवर चर्चा आणि त्यानुसार धड्यात बदल. मुलांसाठी तर 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. कुठल्याही मुलानं कुठलाही प्रश्न पत्रानं विचारावा, सवालीराम उत्तर पाठवणार. त्या काळात पोस्टकार्डावर चालणारी हेल्पलाइनच म्हणा ना!

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट, परीक्षा. यांनी सरकारकडून परीक्षाच बदलून घेतली. आठवीच्या परीक्षेत पुस्तक उघडून बसायला परवानगी आणि सोबत प्रात्यक्षिक. पुस्तकात उत्तरंच नाहीत म्हटल्यावर उघडून तरी काय कॉपी करणार? डोकंच वापरावं लागणार. "परीक्षेत काय विचारतात?" या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मी तरी पाहिलेलं नाही.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूल्समध्ये गेला. १९८२ मध्ये तो पुढे न्यायला 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली. हळूहळू तो इतर जिल्ह्यांतही पोचला. सोळा शाळांचं रोपटं वीस-पंचवीस वर्षांत पंधरा जिल्ह्यांत आणि सुमारे हजार शाळांत गेलं.

या गोष्टीत एक पुणेकर धागाही आहे. आयआयटी कानपूरमधून निघालेला एक तरुण पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करत होता. १९७८ मध्ये रजा काढून तो होशंगाबादला गेला. तिथं सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यानं भूमितीचे आकार बनवले. ते होते अरविंद गुप्ता! पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान शोधिकेत (पु. लं. ची आठवण जपणारी 'पुलस्त्य' इमारत) त्यांनी कचऱ्यातून खेळणी करायला किती मुलांना शिकवलं, त्याची गणतीच नाही. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या पोरांना यूट्यूबवर ती खेळणी दाखवली असतील, तर त्यांची एक मुळी होशंगाबादच्या मातीत आहे.

आणि मग २००२ मध्ये राज्य सरकारनं हा कार्यक्रम बंद केला.

का? तक्रार अशी होती की इथली मुलं दहावीच्या परीक्षेत मागे पडतात, आणि राज्यभर सगळीकडे एकच पुस्तक हवं. देशभरातल्या वैज्ञानिकांनी आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांनी विरोध केला. एनसीईआरटीच्या समितीनं १९९१ मध्येच पाहणी करून कार्यक्रम वाढवण्याची शिफारस केलेली होती. उपयोग झाला नाही. तीस वर्षांचं काम एका आदेशात आवरलं.

आता इथं सरकारला चार शिव्या घालून पोस्ट संपवणं सोपं आहे. पण विचार करा, नववीत गेल्यावर काय होत होतं? तीन वर्षं प्रश्न विचारायला शिकलेलं पोर पुन्हा व्याख्या पाठ करायच्या वर्गात जाऊन बसायचं. वरची परीक्षा बदललीच नव्हती. मग पालकांना धास्ती वाटली तर त्यांचं काय चुकलं? शेतकऱ्याच्या मुलासाठी दहावी हा गावाबाहेर पडायचा एकमेव दरवाजा होता. शिवाय बदल्या होत राहिल्या. शिबिरात तयार झालेला शिक्षक दुसरीकडे जायचा आणि त्याच्या जागी या पद्धतीची कल्पनाही नसलेला यायचा. सगळ्या हजार शाळांत काही सोळा शाळांइतकं चांगलं चाललेलं नव्हतं.

मला वाटतं, आपल्या इथल्या शिक्षणसुधारणांची गोम हीच आहे. आपल्याला वस्तू देणं जमतं, कारण वस्तूचा फोटो निघतो. १९८७ च्या 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड'मध्ये खोल्या, फळे, साहित्य देण्याची योजना झाली, आणि ते गरजेचंच होतं. पण दर महिन्याची बैठक, फुटलेलं भिंग भरून देणं, परीक्षेचा पेपर बदलणं, यांचा फोटो निघत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. मेंटेनन्सला कुणी टाळ्या वाजवत नाही, पण तो थांबला की सिस्टीम बसते.

आणि बसलेली सिस्टीम आकड्यांत दिसतेच. 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये ४२.८, आणि २०२४ मध्ये ४८.८. म्हणजे घसरलेली गाडी बरीचशी सावरली, पण निम्मी पोरं अजून बाहेरच आहेत. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा असो की २०२० चं नवं धोरण, पाठांतरापेक्षा समजून घ्या, करून शिका, हेच दोन्हीकडे लिहिलं आहे. कागदावर होशंगाबाद केव्हाच जिंकलं.

असो. मागच्या रविवारी पुन्हा त्या शाळेत गेलो होतो. जाताना नवीन काही नेलं नाही. मुख्याध्यापकांना एवढंच सांगितलं की यंदा जे फुटेल ते आम्ही भरून देऊ, दर दोन महिन्यांनी येऊन यादी घेऊ, आणि तसं लिहूनही दिलं. परीक्षेचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तेही कबूल केलं. शिक्षक हसले आणि म्हणाले, "बघू सर, किती दिवस येताय ते."

चिकटपट्टी त्यांनी माझ्यासमोरच काढली. तिसरीतल्या एका चिमुरडीनं भिंग उचललं आणि सगळ्यात आधी स्वतःचा अंगठा पाहिला.

पुढची फेरी दोन महिन्यांनी. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर जरूर कळवा. फक्त एक अट आहे, एकदाच यायचं नाही.