मिशनच्या उद्योगशाळा व दरिद्री मुलांचा हुन्नर

मोखाडें तालुक्यांतील खोडाळा हें गांव कसाऱ्याहून जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पूर्वीं हा प्रदेश ठाणें जिल्ह्यांत मोडे. २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यांत आला. येथें वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ह्या जमातींची वस्ती मुख्य. डोंगरउतारावर भात, नागली व वरई पिकते. कापणी उरकली कीं कितीएक कुटुंबें वीटभट्ट्यांची वाट धरतात. अशा घरच्या तरुणास हातचा धंदा कोणीं व कसा शिकवावा, हा प्रश्न तेथें आजहि जिवंत आहे. परंतु तो नवा नाहीं. मराठी मुलुखांत एकोणिसाव्या शतकांत ख्रिस्ती मिशनांनीं त्याचें एक उत्तर देऊन पाहिलें. त्यांतील अमेरिकन मराठी मिशनच्या उद्योगाचें फळ काय झालें, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम जुनी व्यवस्था ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडे हुन्नर हा जन्मानें येई. सुताराचा मुलगा सुतार होई, सोनाराचा सोनार. बापाचें दुकान हीच शाळा व बाप हाच गुरु. ही शाळा उत्तम होती, पण तिचें दार एकाच घराकडे उघडे. महाराच्या वांट्यास वेसकरी, निरोप पोंचविणें व मेलेलें गुरूं ओढणें हीं कामें आलीं. मांगास दोर वळण्याचें काम मिळालें. सुताराचा रंधा किंवा लोहाराचा भाता ह्या मुलांच्या हातीं लागण्याचा मार्गच नव्हता. गरिबी ही केवळ पैशाची नव्हती. शिकण्याच्या वाटेचीहि होती.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. धर्मग्रंथ मराठींत छापावयाचे म्हणून पुढें मिशननें छापखाना काढला. तेथें टॉमस ग्रॅहॅम यानें देवनागरी टाइपांत मोठी सुधारणा घडविली. मुलांस धंदा शिकविणें हा ह्या छापखान्याचा हेतु नव्हता; तथापि त्या छापखान्याच्या हाताखालींच एक गरीब मुलगा तयार झाला. जावजी दादाजी (जन्म १८३९) हा लहानपणींच दरमहा दोन रुपयांवर टाइप घासण्याच्या कामास तेथें लागला. त्यानें ख्रिस्ती धर्म घेतला नाहीं, विद्या मात्र घेतली. पुढें दुसऱ्या छापखान्यांतून अनुभव घेऊन व राणोजी रावजी आरू ह्यांच्या कुशल हाताची जोड मिळवून त्यानें स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला, व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना उभा केला. ज्या धंद्याचा श्रीगणेशा बायबल छापणाऱ्या घरीं झाला, त्याच धंद्यांतून पंचांगें, काव्यमालेंतील संस्कृत ग्रंथ व मराठी पुस्तकें बाहेर पडलीं. ज्या वाचकानें निर्णयसागरची पोथी हातीं धरली असेल, त्यास हा वारसा कोठून कोठें आला हें पाहून नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं.

हेतुपुरस्सर उद्योगशिक्षणाचा इतिहास अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें घडला. १८३१ सालीं मिशननें तेथें ठाणें दिलें. नगर व भोंवतालच्या खेड्यांत धर्मांतर केलेल्यांत महार व मांग कुटुंबांचा भरणा मोठा होता. बाप्तिस्मा झाला तरी पोटाचा प्रश्न सुटत नसे. उलट गांवकीचें काम सोडल्यास जुना आधारहि तुटे. म्हणून नगरास मिशनच्या औद्योगिक शाळेंत सुतारकाम, लांकडावरील कोरीवकाम व तांब्यापितळेचें ठोकीव काम शिकविलें जाऊं लागलें. ही शाळा सर दिनशा माणेकजी पेटिट ह्या पारशी दात्याच्या नांवानें ओळखली जाई. पैसा पारशाचा, व्यवस्था अमेरिकन पाद्र्यांची, व पटाशी धरणारे हात अस्पृश्य मानलेल्या घरचे, असा हा संयोग होता. शिरूर येथेंहि रिचर्ड विन्सर ह्यांनीं अशीच शाळा चालवून घायपाताच्या वाखासारखा स्थानिक माल कामास लावला.

१८९९-१९०० च्या दुष्काळानें ह्या कार्याचें रूप पालटलें. नगरचे रॉबर्ट ऍलन ह्यूम ह्यांनीं अमेरिकेंतून आलेल्या मदतीचें वाटप केलें, व पोरकीं झालेलीं मुलें मोठ्या संख्येनें मिशनच्या आश्रयास आलीं. त्यांस अन्न घालणें हें एक काम. त्यांस मोठेपणीं अन्न मिळवितां येईल असें करणें हें दुसरें, व अधिक कठीण. ह्याच सुमारास, १९०१ सालीं, डेव्हिड कॅरोल चर्चिल हा यंत्रविद्येंत शिकलेला गृहस्थ नगरास आला. नगर व भिंगार हीं लुगड्यांचीं गांवें. साळी व पद्मसाळी ह्यांच्या मागांचा आवाज तेथें नित्याचा. जॉन केनें १७३३ सालीं शोधलेला धांवता धोटा इंग्लंडांत रुळून दीडशें वर्षें लोटलीं, तरी आपल्याकडे बहुतेक विणकर धोटा हातानेंच फेंकीत. चर्चिल ह्यांनीं धांवत्या धोट्याचा सुधारलेला हातमाग तयार केला. गिरणीशीं टक्कर घेणाऱ्या विणकराचा वेग वाढावा, ही त्यामागील दृष्टि होती. १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीनें हातमागाकडे सर्वांचें लक्ष वेधलें, तेव्हां परकीय पाद्र्यांच्या कारखान्यांतील हा माग स्वदेशीच्या हेतूशींहि जुळला.

आतां दोष. उपाशी मुलास अन्न, धंदा व धर्म ही तिन्ही एकाच हातून मिळाल्यास तें धर्मांतर कितपत स्वेच्छेचें, हा त्या काळचा आक्षेप फोल म्हणतां येत नाहीं. पण त्याच दुष्काळांत त्या मुलांच्या हातीं पटाशी देणारे आपल्यांतील किती होते, हा उलट प्रश्नहि तितकाच खरा आहे. दुसरा दोष व्यवहाराचा. हुन्नर शिकविला तरी हत्यारें, भांडवल व बाजार ह्यांवांचून तो पोट भरीत नाहीं. मंगळूरच्या बासेल मिशननें हें ओळखून कारखानेच काढले. १८६५ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या कौलांच्या धंद्यामुळें मंगळुरी कौल कोंकणच्या घरांवर चढलें. तरीहि पहिल्या महायुद्धांत ते कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून मिशनच्या हातून गेले. धंद्यास धन्याची जोड आवश्यक, व धनी जातांच धंदा डळमळतो, हे दोन्ही धडे येथें मिळतात.

चर्चिल मात्र आपली विद्या घेऊन मायदेशीं परतले व केंटकींतील बेरिआ येथें पत्नी एलिनॉर हिच्यासह १९२२ सालीं त्यांनीं विणकामाची पेढी काढली. नगरास पाजळलेली विद्या तेथील डोंगरी, दरिद्री मुलुखाच्या उपयोगीं पडली. जावजींचा टाइप व चर्चिलांचा माग ह्या दोहोंवरून एकच निष्कर्ष निघतो. धर्म देणारा हुन्नरावर आपली मुद्रा उमटवूं पाहतो. हुन्नर एकदां हातीं बसला कीं तो शिकणाऱ्याचाच होतो, व त्याला कोणत्या कामीं लावावें हें तोच ठरवितो. खोडाळ्याच्या मुलास धंदा शिकविणाऱ्यानें, मग तो कोणत्याहि पंथाचा असो वा सरकारचा, हें लक्षांत ठेवावें. आणि त्याबरोबर हेंहि कीं, शिकलेला हात वीटभट्टीकडे परत जाऊं नये, तर त्याच्या गांवींच हत्यार, भांडवल व गिऱ्हाईक ह्यांची व्यवस्था पाहिजे. शंभर वर्षांपूर्वींच्या उद्योगशाळांनीं उघडलेली वाट तेथेंच अर्धी राहिली होती.