मूक वीर आणि बोलके प्रेक्षक

कागदावरचा वीर जेव्हां पडद्यावर उतरतो, तेव्हां त्याची पहिली परीक्षा शत्रूपुढें होत नाहीं. ती प्रेक्षकांपुढें होते. चित्रकथांतील एखाद्या अतिमानुष वीराचा नवा बोलपट आजच्या काळांत लागला कीं, त्याच दिवशीं निकाल कानावर येऊं लागतात. याची छाती चित्रांतल्याइतकी भरदार नाहीं. याचा आवाज त्याचा वाटत नाहीं. कथेंतील अमका प्रसंग कां गाळला? असा वाद घालणारीं मुलें व तरुण माणसें वडीलधाऱ्यांच्या थट्टेचा विषय होतात. परंतु त्यांची ही चिकित्सा नवी नाहीं. ज्या कथेवर आपला जीव आहे ती दुसरा कोणी दाखवूं लागतांच तिच्यावर आपला हक्क सांगावयाचा, ही वृत्ति महाराष्ट्रांत सिनेमाहूनही जुनी आहे. आणि तिचा माग काढीत गेल्यास पावलें कृष्णाकांठच्या मुलुखाकडे वळतात.

सांगलीहून इस्लामपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सांगलीपासून सहा-सात कोसांवर आष्टा हें गांव आहे. आज तें सांगली जिल्ह्यांत मोडतें. १९४९ पूर्वीं मात्र तें सातारा जिल्ह्यांत होतें आणि शेजारची सांगली ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. आष्ट्याची श्रीचौंडेश्वरी आणि तेथील भावईचा उत्सव साऱ्या पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. या उत्सवांत देवतांचे मुखवटे नाचविले जातात. मुखवटा घेतलेला माणूस काल शेजारच्या शेतांत राबत होता, हें पाहणाऱ्यास पक्कें ठाऊक असतें. तरीही मुखवटा चढला कीं त्याच्याकडे पाहण्याची दृष्टि बदलते. माणूस ओळखीचा आहे हेंही खरें, आणि समोर आलें तें दैवत आहे हेंही खरें. या दोन जाणिवा एकाच मनांत सुखानें नांदतात. पुढें नाटक आलें, मूकपट आला, बोलपट आला. पण प्रेक्षकांच्या मनाची ही घडण कायम राहिली.

तिचा पहिला मोठा दाखला सांगलींतच मिळतो. कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून संस्थानाधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं तसा खेळ मराठींत उभा करण्याची आज्ञा विष्णुदास भावे यांस दिली. आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आलें. कथा रामायणांतली, ती ठाऊक नव्हती असा एकही मनुष्य समोर बसलेला नसावा. तेव्हां पुढें काय होणार, हें कुतूहल तेथें नव्हतेंच. राम कसा दिसतो, धनुष्य कसें मोडतें, राक्षस कसा येतो, हें पाहावयाचें होतें. त्या काळच्या खेळांतील राक्षस ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकून, तरवार परजीत येई. त्याची भीति वाटावी अशीच प्रेक्षकांची इच्छा असे. आणि ती वाटली नाहीं तर खेळ फिका ठरे. ठाऊक असलेल्या गोष्टीची नवी मूर्ति पारखून घेणारा हा प्रेक्षक, चित्रकथा वाचून चित्रपटगृहांत जाणाऱ्या आजच्या मुलाचा पूर्वजच होय.

मुंबईंत दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१७ सालीं ‘लंकादहन’ दाखविलें. ‘लंकादहनां’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानें केल्या होत्या. तरी पडद्यावर राम दिसतांच लोक हात जोडीत व जमिनीवर डोकें टेकवीत, अशा आठवणी सांगितल्या जातात. या भाविकपणाला पुढील काळांतील पंडित हंसले. पण लोकांना पडदा आणि देऊळ यांतील भेद कळत नव्हता, असें मानणें हा त्यांच्यावर अन्याय आहे. मुखवट्यामागचा शेजारी ओळखणाऱ्या माणसाला पडद्यामागचा नट ओळखतां येत नव्हता, हें कसें म्हणावें? नमस्कार नटाला नव्हता. आपल्या मनांतली मूर्ति दुसऱ्यानें बरोबर उतरविली, त्याची ती पावती होती.

कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें या पारखीला अधिक कठीण वस्तु दिल्या. १९२० सालच्या ‘सैरंध्री’चा आधार होता कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ हें नाटक. त्या नाटकांतल्या कीचकाच्या ठिकाणीं प्रेक्षकांनीं लॉर्ड कर्झन पाहिला होता आणि सरकारनें १९१० मध्यें त्यावर बंदी घातली होती. तेव्हां पडद्यावरील कीचकाचा वध पाहतांना लोकांच्या मनांत पुराण किती होतें आणि चालू काळ किती होता, हें सांगावयास नको. भीमाची भूमिका करणारे बाळासाहेब यादव यांनीं तो प्रसंग इतका हुबेहूब वठविला कीं, बायामाणसें घाबरून गेलीं, आणि पुढें तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनीं पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२३ चा ‘सिंहगड’ हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून घेतलेला होता. घरोघर वाचलेलें पुस्तक पडद्यावर कसें दिसतें, हें पाहण्यास झुंबड उडाली. मुंबई इलाख्यांत करमणुकीवर कर बसला तो याच सुमारास. आणि सरकारची नजर या धंद्याकडे वळविली ती ‘सिंहगडा’च्या गर्दीनेंच, असें म्हटलें जातें.

याच कंपनींत सांगलीचा एक पोरगा काम करीत होता. त्याचें नांव विठ्ठल. पुढें सारा देश त्याला मास्टर विठ्ठल म्हणून ओळखूं लागला. लहानपणीं नाटकांत काम केलेला हा मुलगा कोल्हापुरांत चित्रफिती जोडण्याच्या खात्यांत लागला आणि १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटांत नर्तकीच्या वेषांत प्रथम पडद्यावर आला. लवकरच तो मुंबईस शारदा फिल्म कंपनींत गेला, आणि १९२६ च्या ‘रतन मंजरी’पासून नायक झाला. तरवारबाजी, घोडदौड, तटावरून उडी, एकट्यानें दहांशीं झुंज, अशा कामांत त्याचा हात कोणी धरूं शकेना. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत सर्वांत अधिक मोल घेणाऱ्या नटांत त्याची गणना होऊं लागली. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत.

ही उपमा वरवरची नव्हती. अमेरिकेंत जॉन्स्टन मॅक्कली यानें १९१९ सालीं एका स्वस्त साप्ताहिकांत क्रमशः एक कथा लिहिली. दिवसा नाजूक सरदार आणि रात्रीं मुखवटा घालून गरिबांचा कैवारी होणारा झोरो हा तिचा नायक. फेअरबँक्सनें ती वाचली आणि दुसऱ्याच वर्षीं तिचा चित्रपट केला. १९२४ सालीं त्यानें ‘थीफ ऑफ बगदाद’ काढला. हिंदुस्थान सरकारनें १९२७ सालीं दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं चित्रपटांच्या चौकशीसाठीं एक समिति नेमली. तिनें देशभर हिंडून ३५३ साक्षीदार तपासले. दादासाहेब फाळके हेही त्यांत होते. समितीच्या १९२८ च्या अहवालांत, या देशांत दाखविलेल्या चित्रपटांपैकीं सर्वांत लोकप्रिय ठरला तो ‘थीफ ऑफ बगदाद’, अशी नोंद आहे. जुन्या कथेंतला गालिचा आणि पंखांचा घोडा पाहण्यासाठीं गिरणीकामगार आणि शाळकरी पोरें एकाच रांगेंत बसत. विठ्ठलचा प्रेक्षकही हाच.

मूकपट मुका होता. त्याचा प्रेक्षक कधींच मुका नव्हता. जत्रेच्या मैदानांत तंबू ठोकला जाई. समोर पडदा, खालीं धूळ, बाजूला पेटी आणि तबला. पडद्यावरचीं अक्षरें वाचतां येणारे थोडे. म्हणून कोणी मोठ्यानें वाचून दाखवी, कोणी त्यांत पदरची भर घाली. नायकाच्या पाठीमागें शत्रु आला कीं त्याला सावध करण्यासाठीं आरडाओरड होई. वीर तरवार उपसतांच शिट्ट्या वाजत. वीराला आवाज नव्हता, म्हणून प्रत्येकजण त्याला आपला आवाज देई. वाळव्याच्या शेतकऱ्याच्या मनांत तो वाळव्याच्या बोलींत बोले, मुंबईच्या कामगाराच्या मनांत मुंबईच्या बोलींत, आणि लाहोरास पंजाबींत. एक मराठी नट साऱ्या हिंदुस्थानचा वीर होऊं शकला, यांतील खरें रहस्य हेंच होतें.

१९३१ सालीं हें रहस्य उलगडलें, आणि त्याबरोबर विठ्ठलचें दैवही फिरलें. आर्देशीर इराणी यांनीं ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट काढावयास घेतला. जोसेफ डेव्हिड यांच्या, पारशी रंगभूमीवर गाजलेल्या नाटकाचें तें रूपांतर. त्यांत नायक म्हणून विठ्ठलची निवड झाली, ती अर्थात् त्याच्या कीर्तीवर. शारदा कंपनीनें करारभंगाचा दावा लावला. विठ्ठलच्या बाजूनें महंमद अली जीना उभे राहिले, आणि तो मोकळा झाला. बाहेरचे आवाज शिरूं नयेत म्हणून चित्रण रात्रीं, जवळच्या रूळांवरील आगगाड्या थांबल्यावर होई. आणि ध्वनिवाहक यंत्र पडद्यावर दिसूं नये म्हणून तें लपवून ठेवावें लागे.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत हा बोलपट लागला. रांग लावण्याची रीत तेव्हां रुळली नव्हती. सकाळपासून लोटलेला लोंढा आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचें तिकीट चार-पांच रुपयांस विकलें गेलें. लोकांना काय हवें होतें? ज्या वीराला इतकीं वर्षें आपला आवाज दिला, त्याचा स्वतःचा आवाज ऐकावयाचा होता. आणि नेमका तोच त्यांना फारसा ऐकूं आला नाहीं. विठ्ठलचे हिंदुस्थानी उच्चार चालण्यासारखे नव्हते. म्हणून नायकाला बराच वेळ मूर्च्छेंत अथवा मंत्राच्या गुंगींत दाखवून त्याचीं वाक्यें कमी करण्यांत आलीं. फकिराच्या वेषांतील वझीर महंमद खान यांचें गाणें लोकांच्या तोंडीं झालें, झुबेदेचें नांव झालें. पण जो तटावरून उडी घेई तो वीर या चित्रपटांत बहुतेक निजलेला होता.

प्रेक्षकांनीं त्याला शिव्या दिल्या नाहींत. त्यांनीं दुसरा वीर शोधला. आणि नटाच्या दृष्टीनें तेंच अधिक कठोर. हिंदी बोलपटांत त्याला जुनें स्थान पुन्हां लाभलें नाहीं. मराठी बोलपटांनीं त्याला आसरा दिला. तेथें त्याची जीभ अडखळत नव्हती. पण सिंधपासून मद्रासपर्यंत पसरलेलें त्याचें राज्य आतां एका भाषेपुरतें उरलें होतें. प्रथम नायक आणि मग दुय्यम भूमिका, असें करीत तो दीर्घकाळ काम करीत राहिला. १९६९ सालीं त्याचें निधन झालें.

वीराची जागा मात्र रिकामी राहिली नाहीं. १९३५ सालीं वाडिया बंधूंनीं ‘हंटरवाली’ आणली. तींत नादिया ही गोरी स्त्री मुखवटा घालून, चाबूक उगारून अन्यायाशीं लढली. हा धाडसी खेळ विकत घेण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं तो आपणच लावला. लोकांनीं तो महिनोन्महिने चालविला, आणि बाजारांत ‘हंटरवाली’च्या नांवाचे चाबूक व पट्टे विकावयास आले. तिकडे अमेरिकेंत १९३८ सालीं सुपरमॅन आणि १९३९ सालीं बॅटमॅन चित्रकथांत अवतरले. त्यांच्या निर्मात्यांनीं फेअरबँक्सचें ऋण मानलेलें आहे. सुपरमॅनची कमरेवर हात ठेवून उभें राहण्याची ढब त्याची, आणि बॅटमॅनचें दुहेरी जीवन झोरोचें. म्हणजे आज आष्ट्याचा मुलगा ज्या वीराच्या नव्या चित्रपटावर तावातावानें बोलतो, त्या वीराचा आणि सांगलीच्या विठ्ठलचा आदर्श एकच होता. नातें दूरचें खरें. पण तें भाऊबंदकीचेंच आहे.

१९६४ सालीं इंद्रजाल कॉमिक्स निघूं लागलीं, आणि परदेशचा फँटम मराठी मुलांच्या घरीं ‘वेताळ’ होऊन आला. नांव पाहतांच मुलांनीं त्याला आपलासा केला. कारण वेताळ हा गांवच्या वेशीवरचा, ओळखीचा. मुखवटा परका असला तरी आंतला माणूस आपला करून घ्यावयाचा, ही भावईची रीत येथेंही चाललीच.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाहीं. विठ्ठलच्या मूकपटांचीही जवळजवळ तीच दशा आहे. त्या काळच्या चित्रफिती भडकन् पेटणाऱ्या. कित्येक जळाल्या, कित्येक आंतल्या चांदीसाठीं वितळविल्या गेल्या. ज्या उड्यांनीं लाखो लोकांचा श्वास रोखला, त्या पाहण्याचें साधन उरलें नाहीं. ज्या शिट्ट्या वाजल्या, ज्या आरोळ्या उठल्या, त्या तर कोणी लिहूनही ठेवल्या नाहींत. सरकारच्या समितीनें ३५३ साक्षीदारांचें म्हणणें टिपून घेतलें. तंबूंत धुळींत बसून नायकाला सावध करणाऱ्याची साक्ष त्यांत नाहीं. म्हणून वीराच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, गाळलेल्या प्रसंगावरून आज जो वाद चालतो, त्याकडे पोरखेळ म्हणून पाहूं नये. चित्रपट नाहींसे होतात, नट विस्मृतींत जातात; पण आपला वीर कसा असावा हें ठरविण्याचा हक्क त्या तंबूंतल्या माणसानें कधींच सोडला नव्हता, आणि त्याच्या नातवंडांनींही तो सोडलेला नाहीं.