चौथ्या विभागाची शिडी



काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात म्हापशाला बहिणीकडे मुक्कामाला होतो. रात्री जेवणे आटोपल्यावर भाच्याच्या खोलीत डोकावलो, तर चिरंजीव संगणकासमोर बसून धेंपो संघाच्या एका बचावपटूला पगारवाढ द्यावी की न द्यावी, ह्या चिंतेत गढून गेलेले. पडद्यावर ना मैदान, ना चेंडू. रकान्यांमागून रकाने, आकड्यांच्या रांगा आणि संचालक मंडळाकडून आलेले एक नाराजीचे पत्र, एवढेच काय ते दिसत होते. "ही तर कारकुनी झाली, हा खेळ कसला?" असे मी म्हणालो, तेव्हा त्याने मान वर न करताच उत्तर दिले, "मामा, हीच तर गंमत."

खेळ विलायतेतला, 'फुटबॉल मॅनेजर' नावाचा. जवळपास प्रतिवर्षी त्याची नवी आवृत्ती निघत आली आहे. पण भाचा खेळत होता ती २०१२ ची, म्हणजे बरीच जुनी. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "नव्या आवृत्तीत आपला धेंपो राष्ट्रीय साखळीत नाही." त्या एका वाक्याने मी ह्या खेळाच्या इतिहासाकडे ओढला गेलो. त्याची हकीकत आज आपल्यापुढे मांडावी असा विचार आहे.

हा इतिहास १९८२ साली इंग्लंडात सुरू होतो. केव्हिन टॉम्स नावाच्या एका गृहस्थाला संगणकासाठी प्रणाली लिहिण्याचे ज्ञान होते आणि फुटबॉलचा नादही होता. त्याने घरगुती संगणकावर चालणारा खेळ रचला आणि त्याचे नाव ठेवले 'फुटबॉल मॅनेजर'. त्या काळचे घरगुती यंत्र ते केवढे! त्याची स्मरणशक्ती आजच्या मोबाइलमधल्या एखाद्या छायाचित्रालाही पुरणार नाही. खेळ मिळे तो ध्वनिफितीवर. खेळाडूचे कौशल्य मोजावयाचे ते एकपासून पाचपर्यंतच्या आकड्यात. बाकी शिल्लक रक्कम, खरेदी-विक्री आणि सामन्याचा निकाल. एवढ्या तुटपुंज्या साहित्यातून टॉम्सने एक गोष्ट मात्र अचूक साधली. खेळणाऱ्याला त्याने पहिल्या विभागातील श्रीमंत संघ हाती दिला नाही. त्याला बसवले चौथ्या विभागात, सर्वांत खालच्या पायरीवर. तेथून एकेक पायरी चढत वर जावयाचे. बक्षीस कोणते, तर वरची पायरी.

माझ्या मते ह्या खेळाचा प्राण त्या शिडीत आहे. पुढच्या चाळीस वर्षांत यंत्रे बदलली, चित्रे आली, आकडे शेकडो पटींनी वाढले. शिडी मात्र तीच राहिली.

टॉम्सनंतर दहा वर्षांनी पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर ह्या दोन भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आला. श्रॉपशायरच्या ग्रामीण भागातील ही मुले शाळकरी वयापासून घरी बसून खेळाची जुळवाजुळव करीत होती. काही प्रकाशकांनी त्यांना नकार दिला. अखेरीस १९९२ साली खेळ बाजारात आला, तेव्हा त्यातील खेळाडूंची नावे कपोलकल्पित होती. पुढच्याच वर्षी खरी नावे आली आणि खेळाचे स्वरूपच पालटले. बनावट नावाच्या खेळाडूबद्दल कोणी भांडत नाही. पण आपल्या गावच्या संघातल्या खऱ्या डाव्या बगलपटूला वीसपैकी अवघे सात गुण दिलेले पाहिले, की माणूस पेटून उठतो. पळण्याचा वेग, पास देण्यातील अचूकता, धैर्य, एकाग्रता अशा कितीतरी गोष्टींना एकपासून वीसपर्यंत गुण मिळू लागले. शिवाय त्याच्यात पुढे काय होण्याची शक्ती आहे, हे सांगणारा एक गुप्त आकडाही असे, तो दोनशेपर्यंत.

आता हे गुण द्यावयाचे कोणी? १९९४ साली ह्या भावांनी कंपनी स्थापन केली आणि हळूहळू देशोदेशी पाहणाऱ्यांचे जाळे उभे राहिले. हे लोक बहुतांशी स्थानिक संघांचे भक्त. कोणी नोकरदार, कोणी विद्यार्थी. रविवारी मैदानावर जाऊन येणारे आणि रात्री तक्ते भरणारे. पुढे त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आणि पन्नासहून अधिक देशांच्या साखळ्या खेळात खेळता येऊ लागल्या. त्यात आइसलँड होते, वेल्स होते, आणि भारतही होता. ज्या स्पर्धांची बातमी त्यांच्या स्वतःच्या देशातील वृत्तपत्रे चार ओळींत उरकतात, त्यांतील पंचवीसाव्या खेळाडूचाही जन्मदिनांक कोणीतरी लिहून ठेवला. गॅझेटियर लिहिणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांनी गावोगावच्या विहिरी मोजल्या, तशातलाच हा उद्योग.

अर्थात मोजणारा माणूसच असल्यामुळे मौजही होई. २००१-०२ च्या आवृत्तीत पोर्तुगालच्या खालच्या विभागातील गोवेया नावाच्या छोट्या क्लबात 'तो मादेइरा' नावाचा एक अलौकिक आघाडीपटू सापडे. जगभरच्या खेळणाऱ्यांनी त्याला विकत घेतले, त्याच्या पायांतून शेकडो गोल झाले. पुढे उलगडा झाला, की असा फुटबॉलपटू भूतलावर नव्हताच. पोर्तुगालच्या नोंदी करणाऱ्याने तो आपल्या मनानेच घुसडला होता. लहानशा क्लबाच्या बाबतीत लबाडी तपासणार कोण? इंग्लंडच्या बड्या संघात असा मनुष्य एक दिवसही टिकला नसता.

पण हीच नोंदवही पुढे गंभीर माणसांच्याही हाती गेली. २००८ साली इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबाने खेळाडू शोधण्यासाठी तिचा उपयोग करण्याचा करार केला. २०१२ साली अझरबैजानात वुगार हुसेनझादे हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी, ह्या खेळातील अनुभवाच्या बळावर, बाकू क्लबाच्या राखीव संघाचा प्रमुख झाला. मध्यंतरी एक घडामोड झाली ती सांगावयाची राहिली. प्रकाशकाशी काडीमोड झाल्यामुळे कॉलियर बंधूंना आपल्या खेळाचे नाव सोडून द्यावे लागले, आणि २००४ साली त्यांनी नवे नाव घेतले ते 'फुटबॉल मॅनेजर'. म्हणजे टॉम्सचेच जुने नाव.

अप्रसिद्ध साखळी निवडून खेळणाऱ्यांचा एक स्वतंत्र पंथच आहे. मँचेस्टर किंवा माद्रिद घेऊन जिंकण्यात त्यांना गोडी वाटत नाही. अशा साखळीत हाताशी पैसा थोडा, सरावाचे मैदान जेमतेम. 'प्रतिष्ठा' नावाचा एक आकडा तर पावलोपावली आडवा येतो. तुमची साखळी जगात किती वजनदार हे तो ठरवतो आणि त्याच्या जोरावर परदेशी खेळाडू तुमचे पत्र वाचतो अथवा फाडून टाकतो. ह्यावर उपाय दोनच. गावची मुले घडवावी, आणि खंडाच्या स्पर्धेत एखाद्या मोठ्या संघाला हरवावे. असे दहावीस मोसम झाले, की संपूर्ण साखळीची प्रतिष्ठा कणाकणाने वाढते. धीर असणाऱ्याचेच हे काम. भाच्याच्या यंत्रात तेव्हा साल २०२९ चालू होते आणि धेंपो आशियात मोठमोठ्यांना घाम फोडीत होता.

हे केवळ स्वप्नरंजन होते काय? गोव्याच्या श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. १८८३ साली फादर विल्यम लायन्स ह्या ब्रिटिश पाद्रीने शिवोलीत फुटबॉल आणला असे मानतात. तेव्हापासून हा खेळ येथल्या शेतांत आणि चर्चच्या पटांगणांत मुरलेला आहे. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावे एके काळी मांडवीच्या पाण्यावर खनिजाच्या बार्जांशी जोडलेली असत आणि मैदानावर खेळाडूंच्या सदऱ्यांशी. साळगावकरच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी भारताचे नेतृत्व केले आणि १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय साखळी १९९६ साली सुरू झाली, आणि १९९८-९९ मध्ये साळगावकरने ती जिंकली. धेंपोने आर्मांदो कुलासो ह्यांच्या हाताखाली पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि २००८ साली आशियाई क्लबांच्या 'एएफसी चषक' स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. २००७ साली साखळीचे नाव 'आय-लीग' झाले. त्यानंतरचे सहा मोसम पाहावे: धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स. कोलकात्याच्या नामांकित क्लबांना डावलून ह्या इवल्याशा प्रदेशाने सलग सहा वर्षे देशाचे विजेतेपद आपल्याकडे ठेवले. भाच्याची आवृत्ती नेमकी त्याच काळातली. तिच्यातला गोवा हा असा गोवा होता.

पुढे काय झाले ते क्रमाने सांगतो. २०१२ साली गोव्यात खाणी बंद पडल्या आणि पैशाचा ओघ आटला. पुष्कळ लोक सारे खापर त्यावर फोडतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण संघ त्यानंतरही खेळत राहिले. धेंपो २०१५ साली खालच्या विभागात घसरला, हे खरे. पण पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, त्याने दुसरा विभाग जिंकून वर येण्याचा हक्क मिळवला. टॉम्सच्या खेळात होते तसेच हे झाले. पडावे, आणि चढून परत यावे.

परंतु ज्या पायरीवर परत यावयाचे, तीच तेवढ्यात हलवली जात होती. २०१४ साली सुरू झालेली 'इंडियन सुपर लीग' ही फ्रँचायझी विकत घेतलेल्या संघांची स्पर्धा. तिच्यात खालून वर जाण्याची सोय नव्हती आणि वरून खाली येण्याची भीतीही नव्हती. २०१६ साली महासंघाने योजना मांडली ती अशी, की हीच स्पर्धा देशातली अव्वल साखळी व्हावी आणि आय-लीग एक पायरी खाली जावी. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा ह्यांनी निषेध म्हणून माघार घेतली. नुकताच बढती मिळवलेला धेंपोही बाहेर पडला. आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये जाण्याचा मार्ग उघडला तो २०२२-२३ च्या मोसमात, आणि त्या वाटेने पहिला वर गेला तो पंजाबचा संघ. तोवर मधली वर्षे गेली होती. एका फुटबॉलपटूची उमेदीची वर्षे तरी किती असतात?

नव्या स्पर्धेच्या पुरस्कर्त्यांची बाजू अगदीच लंगडी होती असे मी म्हणणार नाही. तिने दूरचित्रवाणी आणली, नवा प्रेक्षक आणला. फातोर्ड्याला पूर्वी कधी न येणारी कुटुंबे आली, आणि 'एफसी गोवा'वर गोवेकरांनी मनापासून प्रेम केले. पण पैसा वर ओतण्यासाठी शिडी काढून घेण्याची गरज होती का, ह्याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

ह्याच सुमाराची युरोपातील एक घटना पाहावी. जिब्राल्टर म्हणजे तीस-पस्तीस हजार वस्तीचा एक खडक. युरोपच्या फुटबॉल संघटनेत त्याला प्रवेश मिळाला तोच मुळी २०१३ साली. १२ जुलै २०१६ रोजी तेथल्या लिंकन रेड इम्प्स ह्या क्लबाने, १९६७ च्या युरोप-विजेत्या सेल्टिकला एक विरुद्ध शून्य असे हरवले. गोल करणारा ली कॅसियारो हा पोलिसातला नोकर! परतीच्या सामन्यात सेल्टिकने तीन गोल करून हिशेब चुकता केला, हे ओघाने आलेच. पण त्या खडकावरच्या पोरांना माहीत होते, की आपली साखळी जिंकली तर सेल्टिकसमोर उभे राहता येते. तोच पावसाळा गोव्याच्या तीन क्लबांनी राष्ट्रीय साखळी सोडण्याचा.

संगणकातला व्यवस्थापक सर्वाधिकारी असतो. तो खेळाडू विकतो, प्रशिक्षक बदलतो, सोळा वर्षांच्या पोराला मैदानात उतरवतो, वृत्तपत्रांना खरमरीत उत्तरे देतो. परंतु महासंघाच्या सभेत त्याला खुर्ची नाही. साखळीचा नकाशा त्याच्या हाती तयार येतो आणि तो त्याने निमूटपणे मान्य करावयाचा. ज्या निर्णयाने प्रत्यक्षातला गोवा बसला, त्या निर्णयापुढे भाचाही असहायच होता. म्हणून तर त्याने जुनी आवृत्ती जपून ठेवली. त्या आवृत्तीत साळगावकर आहे, स्पोर्टिंग आहे, वास्कोच्या टिळक मैदानावर सामने होतात, आणि शिडीची एकही पायरी गळालेली नाही. नोंदी करणाऱ्या त्या अनाम मंडळींनी नकळत एका मोसमाचे असे चित्र राखून ठेवले आहे, की जे दुसऱ्या कोणत्याही दप्तरात इतक्या तपशिलाने मिळणे कठीण. राखीव गोलरक्षकाची उंचीसुद्धा त्यात आहे.

धेंपोने २०२४ साली बढती मिळवली आणि २०२४-२५ च्या मोसमात तो आय-लीगमध्ये परतला. बातमी वाचली त्याच संध्याकाळी मी भाच्याला दूरध्वनी केला. म्हटले, "अरे, तुझा धेंपो परत आला."

पलीकडून आधी कळफलकाचा टकटक आवाज आला. मग तो म्हणाला, "मामा, आमचा कुठे गेला होता?"