मिशरी, विडी आणि गर्भातील मूल

मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. तर्जनीने ती दातांवर व हिरड्यांवर घासली जाते. बेळगाव-निपाणी सीमाभागात, तसेच लगतच्या कोल्हापूर जिल्ह्यात अनेक स्त्रियांचा दिवस तिनेच सुरू होतो. दात स्वच्छ राहतात, कोठा साफ होतो, गरोदरपणातील मळमळ थांबते, अशी समजूत आहे. मिशरीला व्यसन म्हणण्याची रीत नाही. त्यामुळे ‘काही व्यसन आहे का?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला ‘नाही’ असे अगदी प्रामाणिक उत्तर मिळते.

निपाणीचे नाव देशभर गेले ते तंबाखूच्या भावासाठी. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्पादकांनी महामार्ग अडवला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी बळी पडले. भावाची जेवढी चर्चा झाली, तेवढी ती तंबाखू वखारीत चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या प्रकृतीची झाली नाही. निकोटीन ओल्या पानांतून त्वचेवाटे शरीरात शिरते, वखारीतील धुळीबरोबर श्वासातूनही जाते. स्त्रीने तंबाखू तोंडात घेतली नाही तरी ती गर्भापर्यंत पोहोचू शकते, कारण निकोटीनला वार अडवू शकत नाही.

याचा सर्वांत भक्कम पुरावा मुंबईतला आहे. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी १,२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली. या स्त्रियांत मिशरी लावणाऱ्याच अधिक होत्या.

वजनाचे हे झाले, मेंदूचे काय? गर्भाच्या मेंदूत असेटिलकोलीन या रासायनिक दूताला प्रतिसाद देणारे ग्राहक फार लवकर तयार होतात आणि चेतापेशींच्या वाढीवर व जोडणीवर त्यांचा प्रभाव असतो. निकोटीन नेमके त्यांनाच चिकटते. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या मुलांत अवधान न टिकणे आणि उतावळेपणा अधिक आढळतो. मात्र त्यात निकोटीनचा वाटा किती आणि गरिबीचा वा आनुवंशिकतेचा किती, हा वाद संशोधकांत चालू आहे.

दारूमुळे गर्भाच्या मेंदूला इजा होते, याविषयी मात्र वाद नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतील जोन्स आणि स्मिथ यांनी त्या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. अशा मुलाला काल आलेले गणित आज आठवत नाही. वेळेचा आणि पैशांचा हिशेब जमत नाही. शिक्षा भोगूनही कृती आणि परिणाम यांची सांगड लागत नाही. मूल बोलके असते, पण समवयस्कांत टिकत नाही. परक्यावर चटकन विश्वास ठेवते आणि कुणाच्याही नादी लागते. चेहऱ्यावर काही खूण नसली, तर शाळेत त्याला व्रात्य किंवा मठ्ठ ठरवले जाते. गरोदरपणात दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

तेव्हा तपासणीच्या वेळी प्रश्न बदलायला हवा. ‘व्यसन आहे का?’ ऐवजी ‘सकाळी दात कशाने घासता? विड्या वळता का?’ असे विचारावे. सीमाभागातून कामासाठी गोव्यात आलेल्या कुटुंबांनाही ते विचारण्यासारखे आहे. मिशरी सुटत नाही, हा समज खोटा आहे. आशा प्रतिनिधी व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात गरोदर स्त्रियांना सातत्याने समजावल्यावर ती सुटल्याचे किंवा कमी झाल्याचे दिसले.

काम सोडणे त्याहून अवघड. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने प्रसूती लाभाची तरतूद घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीपर्यंत नेली होती. पण लाभ नोंदीवर मिळतो. ठेकेदाराच्या वहीत नाव सासूचे असेल, तर गरोदर सून सातव्या महिन्यातही मांडीवर सूप घेऊनच बसते.