माप कुणाचं?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर साईडर आहे. शिक्षण दहावी नापास. एका कविसंमेलनात कविता वाचली, तेव्हा समोर बसलेले एक प्राध्यापक म्हणाले, "आग आहे हो, पण छंद कुठाय?" मी गप्प. छंद म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मग रातपाळी करून दिवसा वाचनालयात बसलो. जे हाती लागलं ते माझ्यासारख्या, वर्गाबाहेर शिकणाऱ्या दोस्तांपुढं मांडतो.

मराठी कवितेत मापं दोन घरची. एक वृत्ताचं. त्यात लघु-गुरू बघायचे, तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे. भुजंगप्रयातात य-गण चार वेळा, म्हणजे ओळीत 12 अक्षरं. हे माप संस्कृतातून आलं, आणि संस्कृतचं दार आपल्याला बंद होतं.

दुसरं माप ओवी-अभंगाचं. यात अक्षरं नुसती मोजायची. ऱ्हस्व-दीर्घ गळा सांभाळून घेतो. ज्ञानेश्वरी 1290 ची, ती ओवीत आहे. पण ओवी तिच्याही आधीची. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात. म्हणजे मुसळ वर-खाली होतं, त्या ठोक्यावर शब्द बसला. लय पोथीतनं नाही आली, कामातनं आली.

आता अभंग. मोठ्या अभंगाचे चरण चार, अक्षरं 6-6-6-4. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. मीच एक जुळवला:

गिरणीची रात / भोंग्याने सरते /
सुताने भरते / पोट कुठं

बोटावर मोजा. 'सरते-भरते' हे यमक. आणि 'तटतट तुटतं सूत' म्हटलं की त-ट पुन्हा पुन्हा येतो, धागा तुटल्याचं कानाला कळतं. तो अनुप्रास. यमक-अनुप्रासाला पुस्तकात अलंकार म्हणतात, म्हणजे दागिने. मला हे पटत नाही. ज्याच्या हाती कागद नाही त्याला ओळ ध्यानात ठेवायची तर यमकाची खुंटीच लागते.

चौदाव्या शतकातला चोखामेळा बघा. जातीनं महार. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, घरच्या पाचही जणांचे अभंग आहेत. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली, त्यात तो गेला. ते साल 1338 सांगतात. पंढरीचं देऊळ आपल्याला उघडलं 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. माणूस पायरीशी अडवला, अभंग मात्र तोंडोतोंडी पुढं गेला.

चोख्याची याचना आज आपल्याला सलते, सललीच पाहिजे. तरी बाबासाहेबांनी 1948 चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. याचना टाकायची, माप टाकायचं नाही. जोतीरावांनी तेच केलं. 1869 साली शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला, आणि अभंगाच्या मापात 'अखंड' रचले. भीमराव कर्डकांच्या जलशांनी, मोठेपणी अक्षरओळख झालेल्या वामनदादांनी हाच ठोका वस्ती-वस्तीत नेला.

मग 1972 साली ढसाळांचा 'गोलपिठा' आला. मोजणी मोडली. पण मोठ्यानं वाचून बघा: शब्दांवर शब्दांची रास, पुन्हा पुन्हा पडणारा घाव. मोजणी गेली, लय राहिली. मुक्तछंद म्हणजे काहीही लिहा, असं नाही. मीही तसंच समजत होतो, ती चूक माझी.

प्राध्यापकांना आता सांगीन, छंद आमच्या घरातच होता, आम्हीच विसरलो. माझी आजी निरक्षर. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, तशा तिच्या ओव्याही थांबल्या. सुट्टीच्या दिवशी तिच्यापुढं वही घेऊन बसतो. बाबासाहेबांवरच्या ओव्या ती आधी सांगते. काही अर्ध्यावरच तुटतात, तेव्हा ती यमक धरून पुढचा शब्द शोधते.

तुमच्या घरी म्हातारी असेल तर तुम्हीही बसा. उशीर करू नका.

जयभीम.