समुद्राची वेस

घोडबंदरच्या किल्ल्यावरून वसईच्या खाडीकडे पाहताना आपल्याला वाटते, पाण्याला कसली वेस? पण सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी समुद्रालाच वेस घातली. जहाजाला त्यांचा ‘कार्ताझ’ घ्यावा लागे. त्यात नाखुद्याचे नाव, जहाजाचा आकार आणि जाण्याचे ठिकाण नोंदलेले असे. परवाना नसलेले जहाज जप्त होई. आजच्या व्हिसाचे पूर्वरूप आम्हांला येथे दिसते.

अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्र्यांनी व्यापारी जहाजांवर स्वतःची दस्तके लागू केली. मुंबईकर इंग्रजांनी ती धुडकावली. स्वतःचे पास मात्र ते देतच होते. वाद कागदाचा नव्हताच, शिक्का कोणाचा याचा होता. प्रवेशाची परवानगी मागणारा प्रत्येक अर्जदार देणाऱ्याची सत्ताही नकळत मान्य करतो, असे आम्हांला वाटते.