मालवणला जाताय? चिवला बीचवर पाण्यात उतरण्याआधी एवढं वाचा

मालवणची सहल म्हटलं की सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्ली ही नावं आधी येतात. पण सोबत लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर अनेकजण चिवला बीचकडे वळतात. बीच मालवण शहरातच आहे आणि पाणी बहुतेक वेळा शांत असतं. मात्र शांत पाणी म्हणजे बिनधोक पाणी नव्हे, हे लक्षात ठेवूनच जा.

कसं जायचं?
कुडाळ रेल्वे स्टेशनपासून मालवण सुमारे ३० किमी आहे. तिथून एसटी आणि रिक्षा मिळते. मालवणात उतरल्यावर बीचवर रिक्षाने किंवा चालतही जाता येतं. रॉक गार्डन जवळच आहे, त्यामुळे दोन्ही ठिकाणं एकाच संध्याकाळी होतात. गाडी वाळूत घालू नका. चाकं रुतली की भरती येण्याआधी बाहेर काढताना दमछाक होते.

पाणी शांत का असतं?
हा किनारा अर्धगोल आहे. बाजूच्या खडकांवर लाटांचा जोर मोडतो आणि आत येणारी लाट मवाळ होते. दरवर्षी हिवाळ्यात सागरी जलतरण स्पर्धा इथेच भरते. पण हा शांतपणा ऑक्टोबर ते मे या काळातला. पावसाळ्यात हाच समुद्र खवळतो, तेव्हा पाण्यात उतरूच नये. किल्ल्याकडे जाणारी होडी वाहतूकही पावसाळ्यात बंद असते.

तिथी बघून वेळ ठरवा
घरातलं कॅलेंडर इथे उपयोगी पडतं. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी अकरा-बाराच्या सुमारास भरती असते आणि संध्याकाळी ओहोटी. अष्टमीच्या आसपास उलट, म्हणजे दुपारी ओहोटी आणि संध्याकाळी भरती. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणून पाण्याची ओढही जास्त. नेमकी वेळ स्थानिक मच्छीमारांना विचारा, ते अचूक सांगतात.

ओहोटीला पाणी आत खेचतं. पोहायला येणारा माणूसही तेव्हा फसतो. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या धारेने पाय कापतो. खडकाजवळ अनवाणी फिरू नका.

२०१७ विसरू नका
एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्याच वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या ८ जणांचा बुडून मृत्यू झाला. पाऊसकाळ नव्हता, ऐन उन्हाळा होता. एकाच तालुक्यातले किनारे असले तरी प्रत्येकाचा उतार आणि प्रवाह वेगळा असतो. चिवल्यात निवांत डुंबलात म्हणून पुढच्या बीचवर तसंच उतरू नका.

हे पाळा
- कमरेपेक्षा खोल पाण्यात जाऊ नका. लहान मूल हाताच्या अंतरावर ठेवा.
- साडी, जीन्स भिजली की जड होते. सुटसुटीत कपडे घाला.
- दारू पिऊन किंवा भरपेट जेवून लगेच पाण्यात नको. अंधार पडण्याआधी बाहेर या.
- प्रवाहात सापडलात तर थेट किनाऱ्याकडे झटापट करू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. ओढ कमी झाली की मग किनाऱ्याकडे वळा. पोहता येत नसेल तर उताणे तरंगा आणि हात वर करून बोलवा.
- कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि मच्छीमारांना हाक मारा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

रापण दिसली तर
इथे पारंपरिक रापण ओढली जाते. होडीतून जाळं अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. बघायला जरूर थांबा, पण दोरांच्या मधल्या पाण्यात उतरू नका. फोटो काढण्याआधी विचारा. ती त्यांची रोजीरोटी आहे. ताजे मासे तिथेच विकत मिळाले तर घ्या, पैसे थेट त्यांच्या हातात पडतात.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून जाहीर आहे. बाटल्या, वेफर्सची पाकिटं पिशवीत भरून परत न्या. सूर्यास्त बघा, मुलांना वाळूत मनसोक्त खेळू द्या आणि गेलात तेवढेच सगळे घरी परत या.